हाइके, मी तुझ्याच बाजूला उभी होते

हाइके, तू गेलीस त्याला अजून महिना व्हायचा आहे आणि माझा राग काही उतरत नाही. रडले, नाही असं नाही. तुझ्या भावाचा फोन आला तेव्हा मी कोर्टवर मुलींकडून रिटर्नचा सराव करून घेत होते. बॉलची टोपली तिथेच ठेवली, बाकड्यावर बसले आणि मुलींसमोरच रडले. पण रडणं दोन-चार दिवसांत आटोपलं, राग मात्र ठाण मांडून बसलाय. गेलेल्या माणसाबद्दल बरं तेच बोलावं म्हणतात. बरं बोलण्यासारखं तुझ्यापाशी पुष्कळ होतं आणि तेही मी बोलेन, पण आधी भांडून घेते. आपलं भांडण पुण्याच्या त्या सामन्यापासून अर्धवट पडलं होतं, आणि तू ते तसंच टाकून उठून गेलीस.

तुझ्या भावाचं, मार्टिनचं इंग्रजी तुझ्याहून कच्चं, आणि रडू आलं की माझंही कच्चं होतं, त्यामुळे सगळं कळायला वेळ लागला. कळलं ते असं. गेल्या वर्षी उन्हाळ्यात तुमच्या क्लबच्या लीगचे सामने चालू होते. तुझी काख दुखायला लागली, हाताला गाठ लागली, आणि तू ठरवून टाकलंस की हा आपला जुना खांदाच कुरकुरतोय. ज्या खांद्याने तुला सगळी कारकीर्द छळलं, त्याच्याच खाती हेही दुखणं टाकलंस. वर पट्टी चिकटवलीस, ती बाहीखाली लपवलीस आणि लीग संपेपर्यंत खेळलीस. मग डॉक्टरकडे गेलीस. तोवर छातीतला कॅन्सर पार पुढे गेला होता.

दुखणं अंगावर काढणाऱ्या बाया आमच्याकडे घरोघरी आहेत. कुणी कामापायी काढते, कुणी दवाखान्याच्या धास्तीने. पण काखेतली गाठ म्हणजे खांदाच, असं समजून त्यावर चिकटपट्टी मारणारी आणि वर सर्व्हिस करणारी बाई फक्त आपल्या धंद्यात निपजते. दुसऱ्या कुठल्याही बाईला गाठ हाताला लागली असती तर तिला गाठच वाटली असती.

आणि खरं काय ते कळल्यावरही मला सांगायचं नाही, असं तू मार्टिनला बजावलंस. "प्रज्ञाचा सीझन चालू आहे. तो संपला की सांग." हे त्याने मला फोनवर जसंच्या तसं सांगितलं, बिचाऱ्याला वाटलं मला बरं वाटेल. आपल्या खेळाचा सीझन संपतो कधी गं? एक स्पर्धा संपते त्याच्या दुसऱ्या दिवशी पुढचीचा ड्रॉ लागतो. तुला हे माझ्याहून जास्त माहीत होतं. म्हणजे तुला कधीच सांगायचं नव्हतं, सरळ बोल ना.

हे सगळं मी गिळलंही असतं. पण तू तुझी ही खोड इथे अमरावतीत रुजवून गेलीस, सानिकामध्ये. तू गेलीस आणि पाठोपाठ त्या चौदा वर्षांच्या पोरीचा खांदा वाचवायची वेळ माझ्यावर आली, आणि ती पोरगी तुझीच बोली बोलत होती. म्हणून हा राग नुसता दुःखाचा नाही. त्याला काम होतं.

आपण भेटलो ते एका स्पर्धेत, नाव नोंदवायच्या टेबलाशी. माझी हैदराबादची जोडीदार तापाने फणफणली होती, तुझी जोडीदार आलीच नव्हती, आणि डबल्सची नावं घेणारा माणूस घड्याळ बघत होता. तू माझं नाव विचारलं नाहीस. "डावीकडून खेळतेस की उजवीकडून?" एवढंच विचारलंस. मी डावीकडून म्हटलं आणि तू दोघींचं नाव लिहून मोकळी झालीस. शाळेत पीटी शिकवणाऱ्या मास्तरची मी पोरगी, बाबांनी मुरमाच्या कोर्टवर फळीवर बॉल मारायला लावून तयार केलेली. परदेशी बाईशेजारी उभं राहायची मला भीती वाटत होती. पहिल्या गेममध्ये मी डबल फॉल्ट केला तर तू जवळ येऊन म्हणालीस, "छान. आता तो संपला." ती भीती त्या दिवशी गेली ती पुन्हा आली नाही. हे तुझं देणं आहे आणि मी ते मानते.

तुझी कारकीर्द कुणी विचारली तर तू दोन वाक्यांत उरकायचीस. "टेनिस खेळायचे. पुष्कळ देशांत हरले." लोक हसायचे, तूही हसायचीस. सहाव्या वर्षी गावच्या क्लबात लाल मातीवर उभी राहिलीस, सतराव्या वर्षी बॅग भरून व्यावसायिक झालीस. पहिल्या शंभरात कधी आली नाहीस. एकदाच एका फार मोठ्या स्पर्धेच्या पात्रता फेरीत शेवटच्या सामन्यापर्यंत गेलीस आणि तिथे हरलीस. लोक टीव्हीवर जे टेनिस बघतात ते त्या दाराच्या पुढे सुरू होतं. तू दाराच्या अलीकडे बारा-पंधरा वर्षं काढलीस. तुर्कस्तान, इजिप्त, उझबेकिस्तान, आणि हिवाळ्यात आमच्याकडे. हॉटेलच्या खोलीत पलंगाला तारा ओढायचं मशीन लावून स्वतःच्या रॅकेटा स्वतः विणायच्या, उन्हाळ्यात रविवारी घरी जाऊन क्लबसाठी लीग खेळायची, सोमवारी पुन्हा कुठेतरी पात्रता फेरी. हे सगळं तू कुरकुर न करता केलंस, आणि त्याचं मला केवढं कौतुक होतं! आता त्याच कौतुकाचा मला संताप येतो.

कारण बघ, दुखणं लपवणं हा आपल्या धंद्याचा पहिला धडा. समोरच्या पोरीला कळलं की तुझा गुडघा दुखतोय, तर ती प्रत्येक बॉल त्या गुडघ्याकडे मारणार. म्हणून लंगडायचं नाही, चेहरा पाडायचा नाही, पट्टी कपड्याखाली बांधायची. इथवर सगळं मान्य. मीही तेच केलं, माझ्या मुलींनाही एका वयानंतर तेच सांगते. पण ते नेटच्या पलीकडे जी उभी आहे तिच्यासाठी. मी पलीकडे नव्हते, हाइके. मी तुझ्याच बाजूला उभी होते.

डबल्समध्ये आपण एकमेकींना काय नाही सांगितलं? मी सर्व्हिसला मागे, तू नेटशी वाकलेली, आणि पाठीमागे धरलेल्या हाताची तुझी बोटं. एक बोट म्हणजे जागेवर राहणार, दोन म्हणजे पलीकडे झेपावणार, मूठ म्हणजे नुसती हूल. प्रत्येक पॉइंटला तू मला आधी सांगायचीस की तू काय करणार आहेस. तीन सीझन मी तुझ्या पाठीवरची ती बोटं वाचली. तुझी पाठ मला तुझ्या तोंडापेक्षा जास्त ओळखीची होती. पुढे तीच पाठ माझ्यापासून एवढं मोठं गुपित लपवेल असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

आता पुण्याचं. उपांत्य फेरी होती. जिंकलो असतो तर माझं रँकिंग एवढं वर गेलं असतं की पुढच्या मोसमात परदेशातल्या स्पर्धांना थेट प्रवेश मिळाला असता. घरी माझ्या लग्नाचं आणि नोकरीचं चाललं होतं, बाबांनी मला त्या वर्षापुरती मुदत दिली होती. तुला हे सगळं माहीत होतं, मी तुला सगळं सांगायचे. दुसऱ्या सेटमध्ये तुझी सर्व्हिस पडायला लागली. तू बॉल हवेत पूर्वीसारखा उंच फेकत नव्हतीस, डोक्याच्या थोडा वर फेकून हात आखडता घेत होतीस. मी विचारलं, काय होतंय? "काही नाही, ऊन डोळ्यांवर येतंय." मग मी वेड्यासारखी दोघींचं कोर्ट पळत राहिले, आणि माझा बॅकहँड जाळीत जात राहिला. हरलो. मला वाटलं, माझ्या बॅकहँडने हरलो. वर्षभर तेच वाटत होतं. मी परत आले, नोकरी धरली, खेळणं संपलं. नंतर एका ओळखीच्या फिजिओकडून कळलं की तुझा खांदा दोन आठवडे आधीच फाटलेला होता आणि तू गोळ्या खाऊन उतरली होतीस.

तुला फोन करून मी किती बोलले होते! तू शांत. "सांगितलं असतं तर तू वेगळी खेळली असतीस. दोघींचं खेळली असतीस." अगं, डबल्स म्हणजे दुसरं काय असतं? मी पहिली सर्व्हिस घेतली असती, आपण जागा बदलल्या असत्या, लॉब जास्त मारले असते. कदाचित तरीही हरलो असतो. पण काय चाललंय ते ठाऊक असून हरले असते. तू म्हणालीस, "पुढच्या वेळी भेटू तेव्हा भांडू." पुढच्या वेळी भेटलो तेव्हा तू माझ्या आईच्या हातचा ठेचा खाऊन नाक पुसत होतीस आणि मला भांडता आलं नाही. त्यानंतर दर वेळी हेच झालं. मी सुरुवात करायची, आई जेवायला वाढायची.

खेळणं सोडून तू तुझ्या गावच्या क्लबात शिकवायला लागलीस आणि दर जानेवारीत बर्फाला कंटाळून दोन-तीन आठवडे आमच्याकडे यायला लागलीस. त्या आठवड्यांनी माझ्या कोर्टचं रूप पालटलं. तुमच्याकडची ती रीत तूच इथे आणलीस ना, सामना संपला की यजमानांनी पाहुण्या संघाला जेवू घालायचं, आणि हरलेलीने जिंकलेलीच्या शेजारी बसायचं. तुमच्याकडे बटाट्याचं सॅलड असतं, आमच्याकडे आईने पाणगे आणि वांग्याची भाजी केली. हरून रुसलेल्या पोरी तोंड फुगवून बसायच्या आणि दुसऱ्या पाणग्यापाशी बोलायला लागायच्या. ती रीत अजून चालू आहे, मी ती मोडणार नाही.

पहिल्याच वर्षी आमच्याकडे आल्यागेल्याला जयभीम म्हणतात हे तू ऐकलंस आणि तो सगळ्या गावाचाच नमस्कार समजलीस. बडनेऱ्याच्या रिक्षावाल्यापासून गिल्या वड्याच्या गाडीपर्यंत सगळ्यांना जयभीम घातलास. कुणी हसलं, कुणी चाट पडलं, गाडीवाल्याने "जयभीम मॅडम" म्हणत एक वडा जास्तीचा टाकला. बाबा होते तेव्हा. त्यांना इतकं हसताना मी क्वचित पाहिलं.

आई आणि तुझं तर विचारूच नये. आईला कसं आहे म्हणून विचारलं की ती गुडघ्यापासून सुरू करते, कंबर, पित्त, डोळे करत करत शेजारणीच्या सुनेच्या बाळंतपणापर्यंत पोचते. तू मांडी घालून सगळं ऐकायचीस. एकदा मला म्हणालीस, तुझी आई टेनिसमध्ये पहिल्याच फेरीत हरेल, सगळं सांगून टाकते. मी आईला ते सांगितलं.

"मी खेळतेच कायले?" आई म्हणाली. "अन् सांगतलं नाई त मानसाले समजन कसं? मनातलं वाचाले कोनी भविष्यवाला आहे काय घरात?"

तू खूप हसलीस. पण आईकडून शिकलीस काय? तर "काई नाई". आईच्या तोंडी हे शब्द कधीमधी येतात, कुणी काही विचारलं आणि सांगायचा कंटाळा आला की. तुला ते इतके आवडले की तुझी सगळी मराठी त्यावर भागली. थकलीस? काई नाई. लागलं? काई नाई. आणि दुसरी एक म्हण उचललीस, झाकली मूठ सव्वा लाखाची. तिचा अर्थ मीच तुला समजावला होता. तुला वाटलं, तुमच्या भाषेत तर टेनिसचा नियमच लिहून ठेवलाय. सानिकाचा गुडघा खरचटून रक्त आलं होतं त्या दिवशी तिच्याशी वाकून तू तुझ्या उच्चारात ती म्हण तिला ऐकवलीस. पोरगी रडायची थांबली. सगळ्या मुलींनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

सानिका दर्यापूरची. वडिलांचं तिथे कृषी केंद्र आहे, बी-बियाण्यांचं दुकान. इथे आत्याकडे राहून खेळते. तिला तुझ्याशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. तू बूट जसे बांधायचीस तसे बांधायची, तू सर्व्हिसआधी बॉल जसा आपटायचीस तसा आपटायची.

मागच्या जानेवारीत तू बडनेऱ्याला उतरलीस तेव्हा डोक्याला रुमाल होता. रुमालाखाली बोटभर केस. "कापून टाकले. गरम होतं," म्हणालीस. जानेवारीत! फलाटावर लोक कानटोप्या घालून उभे होते. घरी आल्यावर आईने तुझा दंड धरून पाहिला.

"काहून वं हायके, अशी वाळली काहून तू? तिकडं जेवत नाई काय?"

"काई नाई, आई."

"काई नाई कसं? हाडं लागून राहिले हाताले."

तू सांगितलंस की फिटनेससाठी गोड सोडलंय. कोर्टवर उजव्या हाताऐवजी डाव्या हाताने बॉल द्यायला लागलीस. मुलींना वाटलं ही नवी करामत आहे, सानिका तर दोन दिवस डाव्या हाताने जेवली. दुपारी तू आईच्या खोलीत तासन् तास झोपायचीस. निघताना स्टेशनवर मला मिठी मारलीस ती एरवीपेक्षा लांबली, आणि मी तुला म्हटलं, सोड गं, गाडी सुटेल. तेव्हा तुझे उपचार अर्धे झाले होते. हे मला सप्टेंबरात तुझ्या भावाकडून कळलं.

आता मला सगळे म्हणतात, प्रज्ञा, तुला ओळखायला हवं होतं. नाही. मला नव्हतं ओळखायला हवं. तुला सांगायला हवं होतं. माझ्या घरी राहून, माझ्या आईच्या खोलीत झोपून, माझ्यासमोर गोळ्या गिळून तू "व्हिटॅमिन" म्हणालीस. याचा दोष मी माझ्या डोक्यावर घेणार नाही, कुणी कितीही प्रेमाने दिला तरी.

आईला मी सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. हातातली जुडी तशीच राहिली. "एवढं पोटात ठेवलं पोरीनं? माह्या घरात जेवली, माह्या बाजूले झोपली, अन् मले सांगतलं नाई?" मग म्हणाली, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. आई, खोडच तिला घेऊन गेली, असं मी म्हणाले. आईने मला गप्प बसवलं, पण तिचेही डोळे रागानेच भरले होते.

इथे तुझी शोकसभा झाली. होय, अमरावतीत, तुझी. फोटोला हार, अगरबत्ती, आणि समोर खुर्च्यांवर खेळाच्या क्षेत्रातली सगळी मोठी माणसं. एक ज्येष्ठ गृहस्थ बोलले. शेवटच्या पॉइंटपर्यंत झुंजली, मृत्यूलाही घामाघूम केलं, कुणाला कळू दिलं नाही, याला म्हणतात खेळाडू. लोकांनी माना डोलावल्या. माझ्या मस्तकात तिडीक गेली. झुंजलीस कधी? झुंजायची वेळ होती तेव्हा पट्टी मारून लीग खेळत बसलीस. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "ती फार चांगली शिकवायची. तिने सांगायला हवं होतं." आणि खाली बसले. लोकांना वाटलं मला भरून आलं.

पहिल्या रांगेत सानिका होती. त्या गृहस्थांकडे एकटक बघत, हात मांडीवर घट्ट, डोळ्यांत पाणी. "कुणाला कळू दिलं नाही" या वाक्याला तिने मान हलवली ती मी पाहिली.

चार दिवसांनी सरावात ती सर्व्हिस करत होती आणि मला पुण्याचा दुसरा सेट दिसला. बॉल डोक्याच्या थोडा वर, हात आखडता. मी नेटशी गेले.

"सानिका, खांदा दुखते काय?"

"काई नाई, मॅडम."

अगदी तुझ्या सुरात. तेच हसू. हाइके, त्या क्षणी तू समोर असतीस तर मी तुझ्या थोबाडीत मारली असती.

मी तिच्या वडिलांना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, ते त काई नाई म्हनते. तुमीच जास्त टेंशन घेऊन राहिल्या." दवाखान्यात नेऊ म्हटलं तर स्पर्धा झाल्यावर बघू. स्पर्धा अकोल्यात होती, राज्याच्या निवडीची. उपांत्य फेरी जिंकली की संघात जागा पक्की. सानिका दर्यापूरला घरी गेली आणि तिथून परस्पर अकोल्याला आली, तिथेही मॅच संपली की वडिलांसोबत निघून जायची, माझ्या हाती सापडली नाही. पहिले दोन दिवस ती नुसत्या चतुराईने जिंकली, हळू सर्व्हिस, ड्रॉप, लॉब. बघणारे वाहवा करत होते. मी जाळीबाहेर उभी राहून तिचा उजवा हात बघत होते. दोन गेमच्या मध्ये बसली की तो हात ती मांडीवर ठेवायची, पाण्याची बाटली डाव्या हाताने उचलायची.

उपांत्य फेरीच्या सकाळी मी तिला वॉर्मअपच्या आधी गाठलं. वडील सोबत होते. दर्यापूरहून जीप भरून घरचे लोक आले होते, काका, काकू, आणि अमरावतीहून आत्याही. मी म्हटलं, हात वर कर. तिने केला, हसत केला, आणि वरच्या ओठावर घाम फुटला.

"नाव काढून घे. आज खेळायचं नाही."

"मॅडम!" वडील मध्ये पडले. "दोनच मॅचा राह्यल्या. एवढी मेहनत केली पोरीनं. खेळू द्या ना."

"मी खेळनार," सानिका म्हणाली. "हाइके मॅमनं सोडली असती काय मॅच?"

हाच प्रश्न ती विचारणार हे मला माहीत होतं आणि त्याचं गोड उत्तर मी रात्रभर शोधलं होतं. वेळेवर ते सुचलं नाही. घरी आईशी बोलते तेच तोंडातून निघालं.

"नसती सोडली. म्हनून मेली ते. दुखते हे सांगतलं नाई म्हनून मेली, सानिका. शूर होती म्हनून नाई मेली. कोनाले सांगतलं नाई म्हनून मेली."

ती माझ्याकडे अशी बघत राहिली जशी मी तिला मारलंय. काकूंनी तोंडावर पदर घेतला. मला वाटलं, ही पोरगी आता आयुष्यात माझ्याकडे परत येणार नाही. येऊ नको, मी मनात म्हटलं, पण खांदा घेऊन जा.

नाव मला काढता येत नाही, खेळाडूनेच सांगावं लागतं. रेफरींचं टेबल झाडाखाली होतं. सानिका वळली आणि तिकडे चालायला लागली. मी मागे गेले नाही. खेळायला चालली की सांगायला, मला कळत नव्हतं. तिचं नाव पुकारून झालं होतं, समोरची मुलगी कोर्टवर बॉल मारायला लागली होती. रेफरींनी मान वर करून विचारलं, "काय बेटा, तयार?"

ती टेबलाशी थांबली. मग मोठ्याने म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

"खांदा दुखून राहिला, सर. लय दिवसाचा दुखून राहिला."

आणि रडायला लागली. तिचे वडील धावत गेले आणि त्यांनी तिला उचललंच, चौदा वर्षांच्या पोरीला. "मले काहून नाई सांगतलं, बेटा? मले काहून नाई सांगतलं?" एवढंच ते म्हणत राहिले. समोरच्या मुलीला मॅच मिळाली. तू म्हणायचीस तसंच झालं, दुखणं सांगितलं की पॉइंट समोरच्याला जातो. सगळेच गेले. ती मुलगी नेटला वळसा घालून आली आणि सानिकाच्या हातातली रॅकेट तिने स्वतःकडे घेतली. कुणी हसलं नाही. कुणाच्या नजरेतून ती उतरली नाही. दुपारी आम्ही तिला अकोल्यातच डॉक्टरांकडे नेलं. स्नायू दुखावलाय, फाटलेला नाही, आणखी चार मॅचा खेळली असती तर फाटला असता, म्हणाले. तीन महिने विश्रांती. वडिलांनी सगळं दोनदा विचारून घेतलं.

जीपमध्ये ती माझ्या शेजारी बसली. माझ्यावर अजून चिडलेली होती, पण बसली.

चौदा वर्षांची पोर आहे, हाइके. बापासमोर, काका-काकूंसमोर, सगळ्या कोर्टासमोर बोलली. एक वाक्य. तुझ्यासमोर तर मी एकटीच होते, आणि बाजूला पलंगावर माझी आई. तुझं काय जात होतं?